जोडा चावतो तेव्हा

दिवाळीच्या खरेदीची यादी आमच्या घरी दरवर्षी मीच करते. वर कपडे, मग फराळाचे सामान, मग पणत्या, उटणे, आकाशकंदील, भाऊबिजेची ओवाळणी, आणि अगदी तळाशी, कागदावर जागा उरली तर, 'चपला-बूट'. लक्ष्मी रस्त्यावर साडी निवडायला मला दीड तास लागतो. काठ उजेडात नेऊन पाहते, पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहते, दुकानदाराला पुन्हा पुन्हा घड्या मोडायला लावते. बूट मात्र मी परवापरवापर्यंत दहा मिनिटांत घेत असे. नंबर सांगायचा, रंग पाहायचा, किंमत कमी होते का ते विचारायचे, की आटोपले.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या व्यवसायात माणूस उभा असतो पण चालत नाही, आणि घरी आल्यावर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा त्याला उभेही राहू देत नाही. दोन वर्षांपूर्वी, त्रेचाळिसावे सरत असताना, आमच्या घरच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद चष्म्यासमोर धरला आणि म्हणाले, "बाई, साखर उंबरठ्यावर येऊन बसली आहे. आत घ्यायची की बाहेरूनच वाटेला लावायची, ते तुम्ही ठरवा." तीन महिन्यांच्या सरासरीचा तो आकडा ६.१ होता. ५.७ च्या आत असला तर ठीक आणि ६.५ ला पोचला की मधुमेह, हा हिशेब मला तोवर ठाऊक नव्हता. पण घरात सासूबाईंचा मधुमेह वीस वर्षे मुक्कामाला आहे, तेव्हा धास्ती तेवढी चांगली ठाऊक होती. "रोज भराभर चाला, हळूहळू पळायला लागा, आणि आठवड्यातून दोनदा थोडी वजने उचला," एवढे सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

पळायचे म्हणजे बूट हवेत! दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन तासांच्या मधल्या वेळात मी एका दुकानात शिरले. "पाच नंबर," मी सांगितले. कॉलेजात असताना पाच होता, लग्नात पाच होता, तेव्हा तो पाचच असणार. जांभळ्या रंगाचा, पोपटी नाडीचा एक जोड मनात भरला. चाळीस टक्के सूट होती. पाय आत गेला, बोटे थोडी दाटली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, वापरून सैल होतील." माझी आईही हेच म्हणायची, म्हणून मी विश्वास ठेवला.

तीन आठवड्यांत उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले आणि पुढे पडलेच. ते मी सोसले. पण एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत कोणी खिळा ठोकावा तशी कळ आली. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. चहा होईतो दुखणे ओसरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, तो दुखावला होता. त्यानंतरचे तीन महिने मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवले. पंचवीस वर्षांच्या मुलांसमोर ज्ञानेश्वरी बसून सांगायला हरकत काहीच नाही, पण मला ते फार लागले. पळणे तर बंदच. उंबरठ्यावरची साखर तिथेच बसून माझ्याकडे बघत होती.

सगळा दोष बुटांचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वीस वर्षे न पळालेली बाई मी, पहिल्याच आठवड्यापासून रोज तीन किलोमीटर पळू लागले होते, तेही डांबरी रस्त्यावर. असे केल्यावर जगातला सर्वोत्तम जोडासुद्धा हात टेकील. पण बुटांचा वाटा केवढा होता, ते मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवले. त्यांनी सांगितले, "येताना बूट घेऊन या." बुटातला आतला सुटा तळ त्यांनी ओढून काढला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर मला उभे केले. माझी करंगळी त्या तळाच्या बाहेर होती. अंगठा पुढच्या कडेला टेकलेला. "या खोलीत तुमचा पाय राहत होता," बाई म्हणाल्या.

ही परीक्षा मला इतकी आवडली की तेव्हापासून मी ती घरी येणाऱ्या पाहुण्यांवरही करते. सुटा तळ निघत असेल तर काढा, त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा. पाऊल चोहोबाजूंनी आत राहिले पाहिजे, आणि सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. सर्वांत लांब बोट अंगठाच असते असे नाही. पुष्कळांचे त्याच्या शेजारचे असते. पळताना, विशेषतः उतारावर, पाऊल बुटात पुढे सरकते. ही जागा त्यासाठी. माझे नख गेले ते तिच्या अभावी.

त्या रात्री घरी वर्तमानपत्रे पसरून आम्ही सर्वांची पावले मोजली. भिंतीला टाच लावून उभे राहायचे आणि दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून पायाची कड काढायची. माझा डावा पाय २४.३ सेंटिमीटर भरला आणि उजवा २४.७. बहुतेक माणसांचे दोन पाय असे थोडे वेगळे असतात; जोडा मोठ्या पायाला घ्यायचा असतो, आणि मी तर आयुष्यभर बसून, रिकाम्या पायाला घालून पाहात आले होते! उभे राहिल्यावर पाऊल पसरते. दिवसभरात ते किंचित सुजते, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. वय वाढते तशी तळव्याची कमान थोडी बसते आणि पाऊल लांब-रुंद होते. गरोदरपणातही ते वाढते आणि प्रत्येक वेळी मूळ मापावर परत येतेच असे नाही. लग्नातला पाच नंबर माझ्या लेकीच्या जन्मानंतर माझा राहिला नव्हता, आणि हे मला कळायला पंधरा वर्षे लागली. आमच्या ह्यांचे पाऊल आठ नंबरच्या बुटात नांदत होते आणि मापाने नऊचे निघाले. "तरीच!" एवढेच हे म्हणाले. त्या 'तरीच'मध्ये कितीतरी वर्षांची कुरुपे होती.

हे नंबर मुळात काय प्रकरण आहे, ते शोधताना मला मौज वाटली. आपल्याकडच्या दुकानात बोलला जातो तो आकडा इंग्रजी मापाचा. त्यात एका नंबराने जोडा एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. हे तृतीयांश इंच म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी. तीन दाणे मिळून एक इंच. आपले जुने अंगुळही आठ यवांचे मानीत, तेव्हा जवाने मापे घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु युरोपचा नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने चढतो आणि अमेरिकेचा आकडा इंग्रजीहून पुरुषांत सुमारे एकाने आणि बायकांत सुमारे दोनाने पुढे असतो. म्हणून एकाच पेटीवर ५, ७ आणि ३८ असे तीन आकडे गुण्यागोविंदाने छापलेले दिसतात. मुलगा परदेशातून बूट पाठवतो आणि ते लहान होतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच. त्यांतून एका कंपनीचा पाच दुसऱ्या कंपनीच्या पाचाशी जुळत नाही, कारण ज्या साच्यावर बूट बेततात तो प्रत्येकाचा निराळा. पेटीवर बारीक अक्षरांत सेंटिमीटरचा आकडा असेल तर त्यातल्या त्यात तो विश्वासू.

शिवाय लांबी म्हणजे सगळे माप नव्हे. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, ती आपल्या लोकांसाठी स्वतंत्र मापपद्धती बेतण्याकरिता. 'भा' असे तिचे नावही ठेवले. आपली पावले युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या मानाने रुंद आहेत, असे त्यांना आढळले. इतकी वर्षे आपण काय करीत होतो? रुंदीला जागा नाही म्हणून लांबी वाढवून घेत होतो आणि मग टाच मागे डुगडुगते म्हणून नाडी आवळीत होतो. पुष्कळ कंपन्या एकाच लांबीत दोन-तीन रुंदीही काढतात. दुकानात ते आपण होऊन कोणी सांगत नाही, विचारावे लागते. बायकांच्या पावलात पुढचा पंजा रुंद आणि टाच मानाने अरुंद असते. पुरुषी बूट लहान करून त्याला गुलाबी रंग दिला की बायकांचा झाला, ही समजूत काही कारखानदारांची अजून गेलेली नाही.

आता 'वापरून सैल होतील' याविषयी. आपली आईवडील मंडळी खोटे सांगत नव्हती. त्यांचा जोडा कातड्याचा होता. नवी कोल्हापुरी वहाण चार दिवस चावते, मग तिला तेल पाजायचे, की ती पायाच्या आकाराची होते. कातडे ताणते, वळते, ओळख धरते. पळण्याचे आजचे बूट मात्र विणलेल्या कृत्रिम धाग्याचे आणि फेसाळ रबराचे असतात. ते थोडे मऊ पडतात, पण लांबी-रुंदीने वाढत नाहीत. दुकानात जो चावला तो रस्त्यावर चावणारच. म्हणून ज्या मोज्यांनी पळणार ते मोजे घालून, दोन्ही पायांत जोडे चढवून, नाड्या नीट बांधून दुकानात चालावे, आणि लाज सोडून दहा पावले पळावे. मी लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात साडी नेसून पळाले आहे. विक्रेता हसला, हसू दे. टाच वर उचलली जाता कामा नये, बोटे आत हलवता आली पाहिजेत, नाडीखालची पावलाची पाठ दाबली जाता कामा नये. आणि बूट हातात धरून वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी, जिथे आपले पाऊल वाकते तिथेच वाकला पाहिजे. पोटात दुमडला तर परत ठेवून द्यावा.

आता तुम्ही म्हणाल, एवढे नखरे कशाला? आपले पूर्वज अनवाणी पळत नव्हते काय? पळत होते, आणि उत्तम पळत होते. १९१९ साली आमच्या पुण्यातच डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे खेड्यापाड्यांतले गडी पाहिले. त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या जवळपास येतात, हे लक्षात येऊन त्यांनी हिंदी खेळाडूंचे पथक ऑलिंपिकला धाडण्याचे मनावर घेतले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. नवे जोडे पायाला लागत होते, ते त्याने काढून ठेवले. आमच्या नाशिक जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच पळत होती, आणि तिने २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक मिळवले.

पण ही पावले लहानपणापासून मातीवर घडलेली होती. बिकिलाने चार वर्षांनी टोकियोत पुन्हा मॅरेथॉन जिंकली ती बूट घालून, आणि आधीपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेत अनवाणी पळण्याची मोठी लाट आली. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी अनवाणी माणूस पुष्कळदा टाचेऐवजी पंजावर उतरतो हे दाखवले होते, आणि लोकांनी त्यातून आपल्याला सोयीचा अर्थ काढला. पाच बोटांचे हातमोज्यासारखे बूट निघाले. त्यांनी पाय बळकट होतात या जाहिरातीवरून दावा झाला आणि २०१४ साली कंपनीने साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. दरम्यान कित्येकांनी एका महिन्यात बूट सोडून पायाची हाडे दुखावून घेतली. आपल्या रस्त्यावरच्या काचा, खिळे आणि पानाच्या पिंका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी आणखी काय सांगावे?

उलट टोकाला जाडजूड गाद्यांचे बूट आहेत. पळण्याच्या बुटांचा हा सारा व्याप गेल्या साठ-सत्तर वर्षांतला. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बावरमन यांनी १९७१ साली बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून खाचांचा तळवा करून पाहिला. साचा अर्थात वाया गेला. (त्या माउलीचे म्हणणे इतिहासाने फारसे नोंदवलेले नाही, आमच्या आप्पेपात्रात ह्यांनी रबर ओतले असते तर मी नोंदवले असते.) पुढे तळव्यात फेस आला, हवा आली, जेल आला. मग शास्त्र आले: ओल्या पावलाचा ठसा पाहायचा आणि सपाट पायाला एक, उंच कमानीला दुसरा, असा बूट द्यायचा. ऐकायला हे इतके पटते की मीही माझा ठसा बाथरूमच्या फरशीवर उमटवून पाहिला होता. पण अमेरिकेच्या लष्कराने हजारो शिपायांवर हे ताडून पाहिले. २००९-१० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींना ठशाप्रमाणे बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापती दोन्हींकडे जवळजवळ सारख्याच. कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर याच विषयात काम करून २०१५ साली सहकाऱ्यांसह असे मांडले की, चार जोड घालून पाहा आणि पायाला ज्यात बरे वाटते तो घ्या. शरीर आपल्या चालीला मानवणारा जोडा स्वतःच ओळखते. महागाचा जोडा अधिक राखतो, असेही दिसून आलेले नाही. माझा आताचा जोड मागच्या वर्षीच्या नमुन्याचा आहे, निम्म्या किमतीत मिळाला, आणि पायाला लागत नाही. रंग करडा आहे. सवय झाली.

एक गोष्ट मात्र पैसे वाचवण्याच्या नादात करू नये. पळण्याचा जोडा सर्व कामांना वापरू नये. तो पुढे जाण्यासाठी केलेला असतो. त्याचा तळ उंच, मऊ, टाचेकडे चढता. आमची लेक तोच घालून बॅडमिंटन खेळायला गेली. आडव्या उडीत उंच तळ कलंडला आणि घोटा मुरगळला. बॅडमिंटनला तळ बसका आणि बाजूंनी आवळून धरणारा हवा. वजने उचलताना तर मऊ गादी नकोच. गादीवर उभे राहून धान्याचे पोते उचलून पाहा म्हणजे समजेल. तिथे सपाट, टणक तळ बरा. आणि वेताळ टेकडीच्या मुरमाडावर जायचे असेल तर तळव्याला खोल खाचा पाहिजेत. रोज नुसते चालणाऱ्याने आणि अधूनमधून धावणाऱ्याने एक चांगला धावण्याचा जोड घ्यावा, त्यावर भागते.

वाढत्या पायाचे बूट, म्हणजे मुलांना दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचा, हे आपले परंपरागत शहाणपण मी याच वर्षी सोडले. अंगठ्याची रुंदी ठीक आहे, त्यावर कापूस नको, मूल अडखळते. वर्षातून दोनदा माप घ्यावे.

मराठीत जोडे झिजवणे म्हणजे कचेऱ्यांत खेटे घालणे. पळणाऱ्याचे जोडे निराळे झिजतात. बाहेरचा तळ चांगला दिसत असताना आतल्या फेसाचा जीव गेलेला असतो. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तो दबला तो उठतच नाही. मी नव्या जोडाच्या जिभेखाली तारीख लिहून ठेवते. आणि न वापरताही बूट मरतात, हे आम्ही सिंहगडावर शिकलो. ह्यांचे गिर्यारोहणाचे बूट नऊ वर्षे माळ्यावर पेटीत जपून ठेवलेले, नव्यासारखे कोरे. अर्ध्या गडावर उजवा तळ जिलबीच्या आवाजाने सुटला, पाच मिनिटांत डावा. आतला पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने कुजून भुगा होतो. घालून वापरले असते तर दोन-तीन वर्षे सेवा तरी मिळाली असती. ताकवालीकडून सुतळी मागून हे खाली उतरले. पावसाळ्यात बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवावेत, उन्हात भाजू नयेत, एवढे याच प्रकरणात सांगून टाकते.

आता सासूबाईंकडे येते. खरे म्हणजे हा लेख लिहायला बसले ती त्यांच्यामुळेच.

माझे पळणे पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनाही हुरूप आला. वय चौऱ्याहत्तर. "सूनबाई, मलाही तुझ्यासारखे बूट आण, मी गच्चीवर फेऱ्या मारीन," म्हणाल्या. मी आणले. संध्याकाळी, मोजे घालून, मोठ्या पायाला, सगळे नियम पाळून. त्यांना विचारले, "आई, लागतात का कुठे?" "छे, अगदी लोण्यासारखे!" महिनाभर त्या रोज वीस फेऱ्या घालीत होत्या. मागच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी त्या बूट काढत होत्या आणि मी जवळच पालेभाजी निवडत होते. बुटातून काहीतरी टणकन फरशीवर पडले. शर्टाचे बटण होते. त्यांचा मोजा तळव्याकडे ओला आणि तांबूस. मोजा काढला तर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता.

"आई, टोचलं नाही तुम्हाला?"

"कधी पडलं गं ते आत?" त्या मलाच विचारत होत्या.

त्यांना काहीच टोचले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचे डोळे मिटायला सांगून एक नायलॉनचा जाड केस तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. "कळलं की हो म्हणा, आजी." सासूबाई गप्प बसून राहिल्या. केस टेकून, वाकून, उचलून झाला. त्या अजून त्याची वाट पाहात होत्या. वीस वर्षांच्या साखरेने पायाची जाण हळूहळू नेली होती आणि आम्हांला कोणालाच पत्ता नव्हता. तो फोड भरून यायला सात आठवडे लागले. बोट वाचले, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर मी असे हसत बोललो नसतो.

म्हणजे पायाला विचारून जोडा घ्या, हा जो निर्वाळा मी वर एवढ्या थाटात दिला, तो ज्याचा पाय बोलतो त्याच्यासाठी. सासूबाईंचा पाय 'लोण्यासारखे' म्हणाला, कारण त्याला दुसरे काही म्हणता येत नव्हते. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर उपचार करीत होते. रोगाने मांस झडते असा समज होता. ब्रँडांनी दाखवले की त्या जखमा पुष्कळशा साध्या असतात. खिळा, खडा, चावणारा जोडा, आणि वेदना नाही म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला बेतल्या. एमसीआर या नावाने त्या आपल्याकडे मिळतात आणि मधुमेह्यांनाही देतात. दिसायला त्या अगदीच साध्या असतात, म्हणून लोक नाके मुरडतात.

अशा पायासाठी नियम उलटे होतात. तिथे डोळ्यांनी आणि हातांनी निवडायचे. बूट पुढून बंद, बोटांवर उंच जागा असलेला, आतून शिवण न टोचणारा. घेण्याआधी पावलाचा कागदी ठसा कापून आत सरकवून पाहायचा. कागद कडेला दुमडला तर बूट लहान. नवा जोडा पहिल्या दिवशी फार तर तासभर, मग काढून पाऊल पाहायचे. कुठे लाली उमटली आणि लवकर गेली नाही, तर तो जोडा नको. मोजे पांढरे, म्हणजे डाग लपत नाही. घरातही अनवाणी फिरायचे नाही. देवघरात सासूबाई याबाबत पुष्कळ भांडल्या. शेवटी देवघरापुरत्या वेगळ्या, मऊ सपाता आणल्या आणि त्यांनी विठोबाशी परस्पर तडजोड केली. आणि बूट घालण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा.

हा हात फिरवण्याचा विधी आता आमच्या घरी संध्याकाळी सहा वाजता होतो. सासूबाई खुर्चीवर बसतात, उजवा बूट मांडीवर घेतात, डोळे मिटून चार बोटे आत घालतात आणि टाचेपासून टोकापर्यंत चाचपत नेतात. तांदूळ निवडणाऱ्या बाईचा हात आहे तो, त्यातून खडा सुटायचा नाही. मग डावा. नातीचेही बूट त्या तपासून देतात, तिने मागितले नसताना. दोन महिन्यांपूर्वी माझ्या बुटात त्यांना बाभळीचा काटा सापडला. तो त्यांनी पुडीत बांधून मला कॉलेजातून आल्यावर दाखवला. माझा आकडा ५.८ वर आला आहे, त्याहून त्यांना त्या काट्याचे अधिक.

या दिवाळीच्या यादीत 'चपला-बूट' मी सर्वांत वर लिहिले. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिघी लक्ष्मी रस्त्यावर गेलो. गर्दी मावत नव्हती. बाकावर कशीबशी जागा मिळाली. दुकानातल्या पोऱ्याने घाईघाईत विचारले, "आजी, नंबर किती?"

सासूबाईंनी पिशवीत हात घातला, वर्तमानपत्रातून कापलेली दोन पावले काढली, मांडीवर नीट सरळ केली आणि म्हणाल्या, "नंबर राहू दे बाळ. हे घे, आणि आधी मोठं बघ."